नव्वदपट! पण कशाच्या?

फ्युएल सेलवरच्या बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये 'नव्वदपट' हा आकडा तुम्हाला भेटेल. तो येतो स्टामेन्कोविच आणि सहकाऱ्यांच्या 2007 सालच्या 'सायन्स'मधल्या पेपरातून. प्लॅटिनमचे तीन अणू, निकेलचा एक, अशा मिश्रधातूचा स्फटिक. त्याच्या (111) पृष्ठभागावर, दर चौरस सेंटिमीटरमागे, ऑक्सिजनचं पाणी होण्याची अभिक्रिया नेहमीच्या प्लॅटिनम-कार्बन उत्प्रेरकापेक्षा 90 पट वेगाने होते.

पेपर उत्तमच आहे. माझी तक्रार आहे ती आपण तो कसा वाचतो याबद्दल. त्यातच दुसराही आकडा आहे: शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच स्फटिकाशी तुलना केली तर फायदा 10 पट. म्हणजे निकेलचं श्रेय दहापटीचं. उरलेली नऊपट आली ती सपाट स्फटिकाची तुलना बारीक कणांच्या भुकटीशी केल्यामुळे.

आणि तो पृष्ठभाग? तो निर्वात चेंबरमध्ये तापवून घडवलेला. तिथे प्लॅटिनम वर येतं, निकेल खाली दडतं. तोच स्फटिक ऑक्सिजनमध्ये तापवलात तर चित्र उलटं होतं. निकेलला ऑक्सिजनची ओढ जास्त, त्यामुळे ते वर येऊन ऑक्साइड बनवतं. फ्युएल सेलमध्ये तर आम्ल असतं. वर आलेलं निकेल त्यात विरघळून जातं आणि मिळालेला फायदा हळूहळू ओसरतो.

म्हणून कुणी 'नव्वद' म्हणालं की दोन प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत? आणि किती तासांनंतर? माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मीही ऐटीत 'नव्वद' म्हणाले होते. कुणीच विचारलं नाही.