फाट्यावरची पाटी

आपल्याकडे नाटकांची, पुस्तकांची, झालंच तर मिसळीचीसुद्धा परीक्षणं लिहिली जातात. पण दुसऱ्या डिस्कवर पडून राहिलेलं जुनं विंडोज काढून टाकणं, या घरोघरी चाललेल्या प्रयोगाचं परीक्षण कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. त्याच्या आगेमागे, ज्यांची यंत्रं जरा तरुण होती त्यांनी नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज ११ घातलं. जुनी हार्ड डिस्क 'असू दे फोटो ठेवायला' म्हणून तशीच राहिली आणि तिच्यावरचं जुनं विंडोजही भाडेकरूसारखं तसंच राहिलं.

नांदी झकास होते, यात वाद नाही. नवं विंडोज तुमचं नाव विचारतं, तुमची भाषा विचारतं, 'नमस्कार' वगैरे म्हणतं. मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमातसुद्धा एवढी आस्था दिसत नाही.

मग पडदा वर जातो आणि काळ्या-निळ्या पाटीवर प्रश्न उमटतो : दोन विंडोज आहेत, कुठल्यात जायचं? शीळफाट्याच्या माणसाला या प्रश्नाचं नवल नाही. आमच्याकडे कल्याणचा, मुंब्र्याचा, पनवेलचा आणि महापेचा असे रस्ते येऊन भेटतात, आणि कुठे जायचं हे पक्कं ठाऊक असलेला माणूसही बराच वेळ तिथेच उभा असतो. संगणक निदान तीस सेकंद वाट पाहतो आणि मग आपला आपण निघतो.

आत गेल्यावर कळतं, की काल ज्याला आपण 'सी' म्हणत होतो त्याची 'डी' म्हणून पदावनती झाली आहे. ('ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपींसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, राखीव जागा राहिल्या!) आता त्या 'डी'मधलं जुनं विंडोजचं फोल्डर निवडायचं आणि डिलीटची कळ दाबायची. इतकं सोपं? छे! 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' यांची परवानगी लागेल, असं उत्तर येतं. हे गृहस्थ कोण, राहतात कुठे, भेटतात कधी, यातलं काही सांगितलेलं नसतं. सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र परवडलं. तिथे सेक्रेटरी निदान जिन्यात तरी सापडतो.

टीकाकाराने न्याय सोडू नये. २००७ साली व्हिस्टाबरोबर आलेला हा पहारेकरी चालू विंडोजच्या मर्मावर उभा असतो, आणि व्हायरसच्या किंवा घरातल्या उत्साही भाच्याच्या हातून ते मर्म वाचवतो. तक्रार एवढीच, की परवानगीची चिठ्ठी फायलींनाच चिकटवलेली असल्यामुळे घर रिकामं झालं तरी पहारा उठत नाही. 'आधीचं विंडोज' झाडून काढायची सोय आहे, पण ती त्याच ड्राइव्हवर अपग्रेड करणाऱ्यांसाठी. त्यांचं जुनं सामान दहा दिवसांनी आपोआपही जातं. दुसऱ्या डिस्कवरचा म्हातारा त्या झाडूला दिसतच नाही.

मग माणूस वैतागून म्हणतो, अख्खी डिस्कच पुसतो! इथे खरा धोका आहे. नवं विंडोज घालताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर संगणक सुरू होताना लागणारी पाटी, म्हणजे 'ईएफआय' नावाचा साधारण १०० एमबीचा कप्पा, बऱ्याचदा नव्या डिस्कवर होतच नाही. जुन्याच डिस्कवरची पाटी वापरली जाते. नुसता 'डी' फॉरमॅट केला तर ती वाचते. सगळी डिस्क पुसली किंवा काढून विकली, की नवंकोरं विंडोज जागेवर असूनही सापडत नाही. आमच्या भागात हे समजायला सोपं आहे. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, तोपर्यंत मुंबईहून पुण्याला जायचं ते ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल असं. पूल झाला म्हणून हा रस्ता कुणी उखडला नाही, हे बरं झालं. त्याच्यावर किती भार आहे ते रोज दिसतंच!

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या घरांतलं मराठी श्रीलिपीत, कृतिदेवात, आयएसएममध्ये टाइप होत असे. कुणाच्या वडिलांनी जमवलेला कुलवृत्तान्त, कुणाच्या लग्नाची आमंत्रणयादी, सोसायटीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त. शहाणी माणसं या फायली आठवणीने नव्या डिस्कवर घेतात. पण फॉन्ट राहतो कुठे? विंडोजच्याच फोल्डरात! म्हणजे जुनं विंडोज गेलं की फायली राहतात आणि अक्षरं जातात. उघडून पाहावं तर आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी. मजकूर हरवलेला नसतो, वाचता मात्र येत नाही.

हे सगळं घडण्यापूर्वी यंत्र आपल्याला काय विचारतं? 'तुमची खात्री आहे ना?' बस्स. अहो, खात्री असायला माहिती लागते! पाटी कुठल्या डिस्कवर आहे, कुठल्या फायली कुठल्या फॉन्टवर उभ्या आहेत, हे त्याने सांगावं. खात्रीचं आम्ही बघू. ज्या यंत्राला येताना आपलं नाव विचारावंसं वाटतं, त्याला जाताना 'तुमचं काही राहिलं नाही ना?' एवढं विचारता येऊ नये? नांदी लिहिणाऱ्यांनी भरतवाक्यही लिहायला हवं होतं. ते लिहिलेलं नाही, हा या प्रयोगातला मोठा दोष.

तो दूर होईपर्यंत प्रेक्षकांनीच शहाणपण दाखवावं. आधी फायली आणि फॉन्ट दोन्ही उचलावेत, आणि एखादी फाइल नव्या विंडोजमध्ये उघडून वाचून पाहावी. मग संगणक पूर्ण बंद करून जुन्या डिस्कची वायर काढावी आणि सुरू करून बघावं. झाला सुरू, तर पाटी नव्या घरावर आहे. जुनी डिस्क खुशाल पुसा आणि 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'च्या बूट या पानावरून जुन्याचं नाव खोडा. नाही झाला, तर वायर परत लावा आणि जाणकाराला बोलावून नव्या डिस्कवर पाटी लिहून घ्या. ते काम तासाभराचं. आजोबांचं नाव परत वाचता येण्याचं काम कितीचं, ते कुठलाच जाणकार आधी सांगत नाही.