पाचारण आणि प्रपंच : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील जीवनहेतू

माणसाचे जगणे कशासाठी आहे, हा प्रश्न प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या उंबरठ्यावरच विचारला जातो. वेस्टमिन्स्टर येथे १६४७ साली सिद्ध झालेल्या लहान प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न मानवाच्या मुख्य हेतूविषयी आहे, आणि ईश्वराचा गौरव व त्याच्या ठायी चिरंतन आनंद असे त्याचे उत्तर तिथे दिले आहे. मराठी बायबलाने या विचारासाठी जो शब्द रूढ केला तो 'पाचारण'. आपल्या भाषेत हा शब्द साधा आहे. बोलावणे एवढाच त्याचा अर्थ. परंतु ख्रिस्ती मराठीत तो जीवनहेतूचा वाचक झाला. हेतू माणसाने ठरवावयाचा नसतो, त्याला हाक येते आणि ती ऐकून त्याने निघावयाचे असते, हा अर्थ त्यात मुरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठीत जी ख्रिस्ती आत्मकथने लिहिली गेली, त्यांची घडण या शब्दाने केली आहे. या घडणीत लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' नेमके कोठे बसते, हा या लेखाचा विषय आहे. तो निवडण्यामागे एक कबुलीही आहे. ती ओघात येईलच.

हाक ऐकून निघालेल्या माणसाच्या कथेचा पाश्चात्त्य आदर्श ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मध्ये सापडतो. तेथे आधीचे सारे भटकणे मनःपरिवर्तनाच्या एका क्षणाकडे धावत जाते, आणि त्या क्षणापासून मागे पाहिले की प्रत्येक चूक ही वाटेवरची खूण ठरते. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे 'अरुणोदय' याच जातीचे आहे. नावातच काळोख आणि प्रकाश यांची मांडणी आहे, आणि धर्मांतरापर्यंतची वाटचाल हा त्याचा गाभा आहे. प्रामाणिकपणा, तपशिलाची आवड आणि तत्कालीन मुंबई-बेळगावच्या शिक्षित तरुणांचे मनोव्यापार यांमुळे ते पुस्तक आजही वाचनीय वाटते. परंतु त्यातील प्रत्येक प्रसंगाला पुराव्याचे काम नेमून दिलेले आहे. पुराव्याचे काम करणारा प्रसंग मोकळेपणाने वावरू शकत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण निराळे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले आणि नंतर केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. एवढ्या कार्यानंतर उत्तरायुष्यातील अनेक वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेले हे भाषांतर त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूच्या सुमारास पुरे केले आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. जिला संस्कृत पांडित्यासाठी 'सरस्वती' म्हणून गौरविले गेले, त्या विदुषीने येथे आपली संस्कृतप्रचुर भाषा बुद्धिपुरस्सर दूर ठेवली. फारसे न शिकलेल्या बाईला वाचता यावे, आणि हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले शब्द शक्य तेथे टाळावेत, ही त्यामागची दृष्टी होती. मुक्ती सदनाच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही तेथल्याच स्त्रिया होत्या. प्रचलित भाषांतराची जागा हे भाषांतर घेऊ शकले नाही, आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्याची नोंदही ओझरतीच होते. जीवनहेतूने शैलीचाच त्याग मागावा आणि लेखिकेने तो निमूटपणे करावा, याचे दुसरे ठळक उदाहरण निदान मला मराठीत आढळलेले नाही. त्या त्यागातून वाङ्मय निर्माण झाले काय, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला नसता.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना मात्र तो पडला असता, कारण ते आधी कवी होते. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेथून पुढचे त्यांचे आयुष्य म्हणजे हेतूंची एक मालिकाच आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील अध्यापन व प्रवचन, 'ज्ञानोदया'चे मराठी संपादन, कीर्तन, भजनांची रचना, १९०७ चे जळगावचे कविसंमेलन, १९०९ पासून 'ख्रिस्तायना'चा आरंभ, आणि अखेर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत, आणि त्यांच्या अभंगांत त्याची साक्ष पदोपदी मिळते. हा माणूस सतत हाक ऐकत होता. प्रत्येक नवी हाक त्याला आधीच्या हाकेहून अधिक खरी वाटे, आणि ती येताच तो उठून चालू लागे.

उठून चालू लागणाऱ्या माणसाचे घर कोणी चालवायचे? पाचारणाच्या कथा हा प्रश्न बहुधा विचारत नाहीत. 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ या प्रश्नाच्या पोटातून जन्मला आहे.

येथे कबुली द्यावयाची ती अशी. प्रस्तुत लेखकाने हा ग्रंथ पदव्युत्तर वर्गांना अनेक वर्षे शिकविला, आणि मराठी समीक्षेच्या रूढ वाटेनेच शिकविला. लक्ष्मीबाईंचा निर्मळ विनोद, बोलीची लय, माणसे उभी करण्याची हातोटी आणि निरागस प्रांजळपणा या गुणांवर तासामागून तास घेतले. त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा उल्लेख चरित्रात्मक माहिती म्हणून पहिल्या तासाला होई आणि तेथेच संपे. त्या ख्रिस्ती असूनही पुस्तक सर्वांचे कसे झाले, असे काहीसे आम्ही बोलत असू. एकदा एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "सर, 'असूनही' का?" त्या वेळी दिलेले उत्तर मला आता आठवत नाही, ते आठवण्याजोगे नसावे. प्रश्न मात्र राहिला. या पुस्तकातील ख्रिस्ती जीवनदृष्टी आपल्याला दिसत नाही, ती पुस्तकात नाही म्हणून, की ती आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो म्हणून?

चुकीचे ठिकाण म्हणजे बाप्तिस्म्याचा प्रसंग. 'अरुणोदया'च्या जातीच्या कथनात तो कळस असतो. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. परंतु त्या प्रसंगाने ग्रंथाचे दोन तुकडे होत नाहीत. आधीची लक्ष्मी काळोखात आणि नंतरची प्रकाशात, अशी वाटणी तेथे नाही. निवेदनाचा आवाज आधी तोच, नंतरही तोच. बदल होतो तो फार हळू, आणि पाण्याच्या भांड्यापाशी होतो. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतले जाई; त्या घरातील मुलगी नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्याच्याजवळ राहावयास येते ती आपला स्वयंपाक, आपले पाणी निराळे ठेवूनच. पुढे एका रात्री ती विचार करीत बसते, जात देवाने केली की माणसाने, आणि मग कोणाच्याही हातचे पाणी तिला चालू लागते. यात दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही, कोणाचे प्रवचनही नाही. आपल्या संतवाङ्मयाला परिचित असलेले साक्षात्काराचे वर्णन करण्याची संधी येथे होती. लेखिकेने ती घेतलेली नाही.

याहून महत्त्वाचे, तिने आपल्या दुःखाला हेतूची झूल पांघरलेली नाही. १८९५ नंतरची काही वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने तिने काढली. टिळकांच्या जीवनहेतूची किंमत त्या वर्षांत टिळकांइतकीच, किंबहुना अधिक, तिने मोजली. धार्मिक आत्मकथनात अशा वर्षांचे समर्थन अखेरीस केले जाते: त्या वेळी कळले नाही, परंतु सारे योजनेनुसार होते, अशा धाटणीचे. लक्ष्मीबाईंची ईश्वरावरील श्रद्धा दृढ होती, याविषयी शंका नको. तरीही त्या वर्षांतील फजिती, राग, आजारपण आणि एकाकीपणा यांना त्या नंतरच्या ज्ञानाने उजळून घेत नाहीत. दुःख दुःखच राहते, आणि टिळकांचे वागणेही जसेच्या तसे राहते. आजच्या स्त्रीवादी वाचकाला त्यांनी टिळकांना फार सहज क्षमा केली असे वाटते, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु क्षमा करण्याआधी त्यांनी हिशेब पुरता मांडला आहे, हे विसरता कामा नये. टिळकांचा कोप, खिशात पैसा न टिकणे, न सांगता निघून जाणे, सर्व काही त्यात आहे.

मग जीवनहेतू कोठे आहे? तो कामांत आहे, आणि कामांना तेथे नाव नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले घरी येतात, आणि त्यांना जेवू घालावयाचे असते. नगरला प्लेग येतो, आणि लोक सोडून गेलेल्या रोग्यांजवळ कोणीतरी बसावयाचे असते. बालकवी ठोमरे घरात राहावयास येतात, आणि त्या पोरसवदा कवीचे रुसवे-फुगवे सांभाळावयाचे असतात. लक्ष्मीबाई यांतील कशालाच 'सेवा' म्हणत नाहीत. मिशनच्या अहवालांतून सरसहा वावरणारा तो शब्द त्यांच्या लेखणीतून क्वचितच उतरतो. कामाच्या थोरवीपेक्षा त्यात झालेली स्वतःची फजिती त्यांना अधिक सांगावीशी वाटते.

या वृत्तीला 'निरागसता' म्हणून आम्ही मोकळे झालो, ही आमची चूक. तिला ख्रिस्ती विचारात एक स्पष्ट आधार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. तेथे ज्यांनी भुकेल्यांना अन्न दिले आणि आजाऱ्यांची विचारपूस केली, त्यांना आपण राजाचीच सेवा केल्याचे सांगितले जाते, तेव्हा ते चकित होतात. त्यांना ते ठाऊकच नव्हते. चित्राचे मर्म या न ठाऊक असण्यात आहे. हेतू मनाशी धरून केलेली सेवा तेथे वाखाणलेली नाही. ल्यूथरने १५२२ साली विवाहावर लिहिताना हाच विचार घरात आणला, आणि बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे काम ईश्वराला प्रिय असल्याचे सांगितले. मठ सोडून पाचारण स्वयंपाकघरात आले ते तेव्हा. लक्ष्मीबाईंनी ल्यूथर वाचला असण्याचा संभव नाही, आणि वाचण्याची त्यांना गरजही नव्हती. टिळक ज्या हाकेसाठी दारे उघडून बाहेर जात होते, तिचे उत्तर त्या घरातल्या घरात देत होत्या. आपण उत्तर देत आहोत, याची त्यांना जाणीव नव्हती. म्हणूनच त्यांचे गद्य इतके मोकळे आहे. विनोद हा येथे शैलीचा अलंकार नाही. स्वतःकडे थोर हेतूची व्यक्ती म्हणून पाहण्याचे नाकारल्यावर जे उरते, तो हा विनोद.

टिळकांवर यात अन्याय होऊ नये. त्यांची वेडी उदारता नसती, तर ती मुले त्या घरी आली नसती. जातीचा प्रश्न त्या रात्री उभा राहिला नसता. लक्ष्मीबाई लिहित्याही झाल्या नसत्या, कारण अक्षरओळख त्यांना टिळकांनीच करून दिली. घोषित हेतू आणि अघोषित हेतू एकाच छपराखाली नांदले, भांडले, आणि एकमेकांवाचून अपुरे राहिले.

या दोहोंची वाङ्मयीन कसोटी पाहण्यास एक विलक्षण सोय आहे. टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला. येथे हेतू पूर्णपणे जाणीवपूर्वक होता: पतीचे अपुरे कार्य तडीस नेणे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने उतारवयात चौसष्ट अध्याय ओवीत लिहावेत, या निष्ठेपुढे कोणीही नमावे. परंतु वाचक म्हणून प्रांजळपणे सांगावयाचे, तर त्या अध्यायांत निवेदन सुबोध आहे, भक्ती खरी आहे, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई तेथे फार थोडी भेटते. विषयाच्या पावित्र्याने तिची थट्टेखोर नजर खाली झुकविली आहे. १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांना जो रसाळ ऐसपैसपणा लाभला, तोही येथे नाही.

उलट 'स्मृतिचित्रे' मुळात आत्मचरित्र म्हणून योजिलेलेच नव्हते. वडिलांच्या चरित्रासाठी साधने जमविणाऱ्या देवदत्तांनी आईला तिच्या आठवणी लिहिण्यास सांगितले, आणि त्या लिहीत गेल्या. टिळकांविषयी सांगता सांगता स्वतःविषयी सांगितले जात आहे, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. १९३४ ते १९३७ या काळात हे लेखन चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लेखिकेचे निधन झाले असल्याने संपूर्ण पुस्तक तिने पाहिले नाही. पुस्तकाचे नायक आपण नसून टिळक आहेत, अशीच बहुधा तिची अखेरपर्यंत समजूत होती.