शालेय उपक्रम आणि परीक्षेतील गुण : एका सहसंबंधाची चिकित्सा

शाळेत वर्गाबाहेर चालणाऱ्या उपक्रमांचे समर्थन करताना एक विधान हटकून केले जाते : क्रीडा, नाट्य, वक्तृत्व इत्यादींत भाग घेणारे विद्यार्थी परीक्षेतही अधिक गुण मिळवितात. हे विधान निराधार नाही. असा सहसंबंध अनेक पाहण्यांतून आढळला आहे. परंतु सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे सर्वमान्य तत्त्व या क्षेत्रात पुरेसे पाळले जात नाही. शिवाय हा सहसंबंध काही ठिकाणी शाळेच्या नियमांनीच अंशतः घडविलेला असतो, याकडे तर क्वचितच लक्ष दिले जाते.

दोन उदाहरणे पाहावीत. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९८४ मध्ये असा कायदा केला की, कोणत्याही विषयात शंभरपैकी सत्तरांहून कमी गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास सहा आठवडे सामने व स्पर्धा यांतून वगळावे. १९९५ मध्ये ही मुदत तीन आठवड्यांवर आणण्यात आली. तेथे खेळणारे विद्यार्थी उत्तीर्णांपैकी असणार, हे उघड आहे. महाराष्ट्रात याच्या उलट क्रम दिसतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत क्रीडा आणि कला यांतील विहित प्रावीण्याबद्दल वाढीव गुण दिले जातात. एका ठिकाणी गुण सहभाग ठरवितात, तर दुसऱ्या ठिकाणी सहभाग गुणांत भर घालतो. अशा गुणपत्रिकांवरून उपक्रमांचा परिणाम मोजू पाहणारा संशोधक नियमाचे प्रतिबिंब पाहून त्यालाच निष्कर्ष समजण्याचा संभव आहे.

संज्ञांचा विचार केला असता हा घोटाळा अधिक स्पष्ट होतो. ‘अभ्यासबाह्य’ ही संज्ञा उपक्रमांना अभ्यासाच्या कक्षेबाहेर काढते. ‘अभ्यासपूरक’ ही त्यांना अभ्यासाचे साहाय्यक ठरविते. ‘सहशालेय’ ही दोहोंना शेजारी बसविते. प्रत्येक नावात एक गृहीतक दडलेले आहे आणि पुष्कळदा संशोधनाचा निष्कर्ष त्या गृहीतकाचीच पुनरुक्ती असतो. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात असे उपक्रम हे शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ही भेदरेषा नाकारली. तथापि जे शिक्षणाचेच अंग आहे, त्याने स्वतःची उपयुक्तता दुसऱ्या अंगाच्या गुणांनी सिद्ध करावी, ही अपेक्षा मात्र टिकून राहिली.

उपक्रम आणि अध्ययन यांचा संबंध एकाच दिशेचा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. इलिनॉय राज्यातील दहा माध्यमिक शाळांच्या अभ्यासावर आधारलेल्या ‘द अॅडोलेसंट सोसायटी’ (१९६१) या ग्रंथात जेम्स कोलमन यांनी दाखविले की, विद्यार्थिसमाजात क्रीडापटूची प्रतिष्ठा अभ्यासू विद्यार्थ्याहून अधिक असते. आणि अशा प्रतिष्ठेमुळे बुद्धिमान मुलांची शक्ती अभ्यासापासून अन्यत्र वळू शकते. येथे उपक्रमाइतकेच त्याभोवतीचे सामाजिक मूल्य निर्णायक ठरते.

कार्यकारणभाव शोधावयाचा तर नियंत्रित प्रयोगाची आवश्यकता असते. ग्लेन शेलेनबर्ग यांनी टोरांटो येथे १४४ सहा वर्षांच्या मुलांची यादृच्छिक विभागणी करून काहींना संगीत, काहींना नाट्य शिकविले, तर काहींना काहीच शिकविले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगीत शिकलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात सरासरी सुमारे ७ अंकांची, तर इतरांच्या बुद्ध्यंकात सुमारे ४ अंकांची वाढ झाली. नाट्य शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक विशेष वाढला नाही. त्यांच्या सामाजिक वर्तनात मात्र स्पष्ट सुधारणा दिसून आली. केवळ बुद्ध्यंक मोजणाऱ्याने नाट्यवर्ग निष्फळ ठरविला असता.

यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारातही महत्त्वाचा आहे. उपक्रमांचे समर्थन केवळ गुणांच्या आधारे केले, तर गुण घटताच प्रथम तेच बंद होतात. आणि दहावीच्या वर्षी नाटकातून वा संघातून मुलाला काढून घेणे शहाणपणाचे ठरते. याचा सर्वाधिक फटका परीक्षेत मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला बसतो. कारण शाळेत त्याला मान मिळवून देणारे मैदान किंवा रंगमंच हे कदाचित एकमेव स्थान असते. म्हणून ‘उपक्रमांनी गुण वाढतात काय?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या उपक्रमाने, कोणत्या विद्यार्थ्यात, कोणती क्षमता वाढते?’ हा प्रश्न संशोधनाने हाती घ्यावयास हवा. त्याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडेलच, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.