शेपटाचें औचित्य

यंत्रांच्या आकृतींची रसिकदृष्टीनें चिकित्सा करण्याची प्रथा मराठींत फारशी नाहीं. कवितेंतील एखादी विसंगत उपमा वाचकांस तत्काळ खुपते. परंतु दारांत उभी असलेली मोटार सुंदर कां वाटते, हें कोणी सहसा विचारीत नाहीं. विमान आणि मोटार हीं पेट्रोलच्या एंजिनावर पोसलेलीं भावंडें. तथापि त्यांचे धनी निराळे आहेत. विमानाची आकृति वारा ठरवितो. मोटारीची पुष्कळ अंशीं गिऱ्हाइकाची हौस ठरविते. या भेदाचा विसर पडला म्हणजे काय होतें, तें येथें पाहावयाचें आहे.

विमानाचें उभें शेपूट घ्या. तें भारकेंद्राच्या बरेंच मागें असल्यामुळें विमानाचें नाक बाजूस वळूं लागलें कीं शेपटावर आदळणारा वारा तें पुन्हां सरळ करतो. बाणाच्या पिसांचें कार्यही हेंच. खिडकीसारखी बाबही तेथें क्षुल्लक राहत नाहीं. ‘कॉमेट’ हें पहिलें जेट प्रवासी विमान 1952 सालीं वाहतुकीस आलें, आणि 1954 सालच्या जानेवारींत व एप्रिलांत त्या जातीचीं दोन विमानें उतारूंसह भूमध्य समुद्रावर हवेंतच फुटलीं. आंतील हवेच्या दाबानें वारंवार ताणला जाणारा पत्रा खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशीं थकून फाटत होता, असें चौकशीअंतीं ठरलें. मोटारीची खिडकी चौकोनी असली तर ती फार तर जुनाट दिसेल. विमानांत कोपऱ्याची चूक प्राणांवर बेतते.

आतां मोटारीनें या भावंडापासून काय उचललें तें पाहा. 1934 सालीं अमेरिकेंत ‘क्रायस्लर एअरफ्लो’ निघाली. तिचे कर्ते कार्ल ब्रीअर यांनीं वाऱ्याच्या बोगद्यांत नमुने तपासले, तेव्हां तत्कालीन मोटारी सरळ तोंडापेक्षां उलट्या तोंडानेंच वारा अधिक सुखानें कापतात असें आढळलें! मग त्यांनीं मोटारीचें नाक वाटोळें केलें, एंजिन पुढें सरकविलें आणि बैठकी दोन आंसांच्या मध्यें आणल्या. हें तत्त्वाचें ग्रहण होतें. पण लोकांस तें रूप रुचलें नाहीं, आणि 1937 नंतर ती मोटार बंद झाली.

याच्या उलट प्रकार जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांचा. युद्धकाळांतील ‘लाइटनिंग’ या जुळ्या शेपटांच्या लढाऊ विमानानें ते मोहित झाले, आणि 1948 च्या ‘कॅडिलॅक’च्या पाठीमागें दोन लहानशीं शेपटें उगवलीं. 1959 पर्यंत तीं सुऱ्यासारखीं उंच वाढलीं. रस्त्यावरील मोटारीची दिशा तिचीं चाकें सांभाळतात. शेपटांस तेथें काम नव्हतें. तरी गिऱ्हाइकांनीं तीं डोक्यावर घेतलीं, आणि कांहीं वर्षांतच त्यांना तीं नकोशीं झालीं.

काश्मीरच्या क्षेमेंद्रानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें, तें आम्हांस येथें आठवतें. मोटारीनें नटूं नये, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. 1955 सालची फ्रान्सची ‘सित्रोएन डी.एस.’ पाहावी. ती विमानविद्या शिकलेल्या आंद्रे लफेव्र आणि शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी यांची कृति. निमुळतें नाक, पुढच्यापेक्षां अरुंद मागची बाजू. उसनें शेपूट मात्र कोठेंच नाहीं. ती लोकांसही आवडली. तेव्हां दोष सर्वस्वीं लोकांच्या अभिरुचीच्या माथीं मारून कर्त्यास सुटतां येणार नाहीं.

परक्या वाङ्मयापासून आपले लेखक कधीं रचनेचें तत्त्व घेतात, कधीं नुसतें शेपूट घेतात. दोहोंपैकीं कोणतें घेतलें आहे, हें ओळखण्याची संवय वाचकानें दारांतील मोटारीपासून लावून घ्यावयास हरकत नाहीं.