खाटेवर नसलेला रोगी

सरकारी धोरणपत्रें वाङ्मयाच्या मासिकांत परीक्षणास घ्यावयाचीं नसतात, असा एक समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. ज्या लेखनावर लक्षावधि माणसांचें आयुष्य अवलंबून असतें, त्यांतील शब्द कादंबरींतील शब्दांहून अधिक काटेकोरपणें तपासले पाहिजेत. म्हणून २०१७ सालचें राष्ट्रीय आरोग्य धोरण आम्हीं पुन्हा वाचावयास घेतलें. आणि तें वाचतांना जालन्याचा मस्तगड आमच्या डोळ्यांपुढें होता.

१७२५ सालीं बांधलेल्या गढीचें नांव मिरविणारा हा भाग. येथें आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. मधुमेह व रक्तदाब हे त्यांचे जुने सोबती. उपचारासाठीं ते जवळच्या खासगी डॉक्टरांकडे जात. कारण डॉक्टर संध्याकाळीं बसत, घरचीं माणसें ओळखत, आणि रांगेंत दिवस मोडत नसे. चक्कर आली कीं जावें, चार दिवसांच्या गोळ्या आणाव्या, बरें वाटलें कीं थांबवाव्या, असा क्रम. रोगाची सारी हकीकत चुरगळलेल्या चिठ्ठ्यांच्या रूपानें एका प्लास्टिकच्या पिशवींत होती. पिशवी विसरली कीं रोगहि पहिल्यापासून सांगावयाचा. डॉक्टरांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांना फी मिळे ती त्या दिवसाच्या तपासणीची; हा मनुष्य तीन महिने कां आला नाहीं, याची चौकशी करण्याची फी कोणीच देत नव्हतें.

आतां धोरणपत्राकडे वळूं. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या ज्ञात रुग्णांपैकीं ८० टक्के रुग्णांचा रोग २०२५ पर्यंत आटोक्यांत असावा, असें उद्दिष्ट त्यांत घातलें आहे. वाक्य सुबक आहे. पण आमचें वाचन अडलें तें 'ज्ञात' या एका शब्दावर. ज्ञात कोणाला? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें कीं, इस्पितळांत दाखल न होतां घेतलेल्या उपचारांपैकीं सुमारें ३० टक्केच सरकारी संस्थांत झाले. उरलेल्या रोग्यांपैकीं बहुतेक खासगी डॉक्टरांना ज्ञात आहेत, सरकारला नाहींत. मग त्यांतील किती जणांचा रोग आटोक्यांत आला, हें कोणत्या वहींत पाहावयाचें?

धोरणकर्त्यांना खासगी वैद्यकाचा विसर पडला आहे, असें मात्र नव्हे. खासगी सेवा विकत घेण्याविषयीं त्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे; पण तो विचार मुख्यतः मोठ्या इस्पितळांचा. हीच दृष्टि अन्यत्रहि दिसते. २०१२ सालीं राजीव गांधींच्या नांवानें निघालेली व पुढें महात्मा फुल्यांचें नांव मिळालेली जन आरोग्य योजना हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च देते, मूत्रपिंडें निकामी झाल्यावर डायलिसिसचा देते. तीं निकामी होऊं नयेत म्हणून घरीं रोज घ्यावयाच्या गोळीचा देत नाहीं. धर्मादाय इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धनांसाठीं व १० टक्के दुर्बलांसाठीं राखाव्या लागतात. सगळा हिशेब खाटांचा! आमचे मस्तगडचे गृहस्थ तर खाटेवर नव्हतेच. ते ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि तोहि साखरेचा.

सरकारी दवाखान्यांत सर्व फुकट मिळतें, असें यावर उत्तर येईल. राज्याच्या आरोग्य खात्याचे उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, हें खरें. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमांत महाराष्ट्र पहिल्या पांच राज्यांपैकीं होता, आणि प्रत्येक रोग्याचें पत्रक ठेवण्याची त्याची पद्धत आम्हांस फार पसंत आहे. पण जो त्या दारांत पाऊलच टाकीत नाहीं, त्याचें पत्रक कोण भरणार?

खासगी डॉक्टर नोंदी करीत नाहींत, ही तक्रार अर्धीच खरी. क्षयरोग कळविणें २०१२ पासून सक्तीचें झालें. पुढें रोगी कळविल्याबद्दल ५०० रुपये व उपचाराचा परिणाम कळविल्याबद्दल आणखी ५०० रुपये खासगी डॉक्टरांना देऊं केले गेले. मधुमेहाचा उपचार संपत नाहीं, तेव्हां दुसरे पांचशे केव्हां द्यावयाचे, असें कोणी विचारील. वर्षाच्या अखेरीस द्यावे! ब्रिटनमध्यें गृहवैद्य बहुधा सरकारी नोकर नसून करारानें काम करतात. त्यांच्या मिळकतीचा कांहीं भाग २००४ पासून रोग्यांच्या रक्तदाबाच्या आंकड्यांशीं जोडला गेला. आपल्याकडे असें केल्यास कांहीं वह्यांत प्रत्येकाचा रक्तदाब १२०/८० च आढळेल, ही भीति आम्हांसहि आहे. तथापि खोटी वही निदान तपासतां तरी येते. पिशवी तपासावयास कोणीहि येत नाहीं.

गेल्या दिवाळीनंतर त्या गृहस्थांच्या पायाला चप्पल लागून जखम झाली, ती चिघळली. दोन बोटें काढावीं लागलीं. इस्पितळांत त्यांना खाट मिळाली, शिधापत्रिका मागितली गेली, आणि मधुमेही म्हणून त्यांचें नांव प्रथमच एका सरकारी यादींत चढलें.