संगत कुणाची? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

पिंपरीतल्या आम्हा ख्रिस्ती तरुणांच्या सभांमध्ये ‘संगत’ हा हमखास येणारा विषय आहे. वचनही ठरलेलं: करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वाईट संगतीने चांगल्या सवयी बिघडतात अशा अर्थाचं. आणि सल्लाही ठरलेला, की मित्र विश्वासातलेच निवडा. ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण चाकणला कंत्राटी कामावर असतात आणि कॉट बेसिसवर राहतात. एकाच खोलीत बीडचा, यवतमाळचा, बिहारचा आणि नगरचा. रूम पार्टनर कोण, हे तिथे भाडं ठरवतं आणि शेजारी कोण, हे शिफ्ट ठरवते. मग निवडायचं काय?

तो अध्याय मी सलग वाचला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पौलाचा वाद चाललाय तो मेलेले पुन्हा उठत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी, आणि ती माणसं मंडळीतलीच आहेत. म्हणजे इथली धोक्याची संगत बाहेरची नाही, शेजारच्या बाकावरची आहे. दुसरं असं, की अभ्यासक ते वाक्य मुळात मेनँडरचं मानतात. हा पौलाच्या तीनेकशे वर्षं आधीचा ग्रीक नाटककार, विनोदी नाटकं लिहिणारा. सावध करायलासुद्धा पौलाला परक्याचंच वाक्य लागलं!

मराठीत या प्रश्नाला सगळ्यात प्रामाणिकपणे भिडलेलं पुस्तक मला प्रवचनांच्या कपाटात सापडलं नाही. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३६ दरम्यान चार भागांत आलेलं. आपल्याला ते शाळेतल्या धड्यातून भेटतं. विसरभोळा, तापट नवरा आणि त्याला सांभाळणारी मिश्किल बायको, एवढंच लक्षात राहतं. मंडळीतले लोक ते धर्मांतराची साक्ष म्हणून वाचतात. दोन्ही वाचनं मला अपुरी वाटतात. मी ते संगतीचं पुस्तक म्हणून वाचतो.

नारायण वामन टिळकांची ख्रिस्ताशी ओळख वाढली ती आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशामुळे. त्याने त्यांना बायबल वाचायला दिलं. ही संगत ठरवून केलेली नव्हती, डब्यात जागा मिळाली तिथे मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला आधी न सांगता. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, नातलगांच्या आधाराने. नंतर त्या नवऱ्याकडे आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. विटाळ एका दिवसात सुटला नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९००मध्ये.

आता आमच्या सभेतला नियम इथे लावून बघा. त्या काळात टिळकांच्या आयुष्यातली सगळ्यात जवळची ‘अविश्वासी’ व्यक्ती म्हणजे त्यांची बायको. नियमाप्रमाणे तिच्यापासून अंतर राखायला हवं होतं. पुस्तक नेमकं उलटं दाखवतं. टिळकांना तोंडावर चूक दाखवणारं, घरात पीठ नसताना पाहुणे आणल्यावर हिशेब विचारणारं, त्यांच्या उदारपणाची किंमत कोण भरतंय हे मोजणारं माणूस तेच होतं. हो ला हो म्हणणारे भक्त त्यांना बाहेर भरपूर मिळाले असते.

लक्ष्मीबाईंबद्दल माझी एक तक्रार आहे. त्या दुखण्यावरून हसत हसत पुढे जातात, आणि आपण वाचकही हसत सुटतो. न सांगता टाकून गेलेल्या नवऱ्याबद्दल एवढ्या लवकर गंमत कशी करता येते? पण नीट वाचलं की विनोद थांबलेल्या जागा सापडतात. पुस्तकाचं वजन तिथे आहे. संगत निवडण्याची मुभा ज्या बाईला कधी मिळालीच नाही, ती मिळालेल्या संगतीत काय मानायचं आणि काय नाही, हे स्वतः ठरवते आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती झाली नाही. स्वतःला पटायला तिने पाच वर्षं घेतली. कॉट बेसिसवरच्या मुलाला सल्ला द्यायचाच असेल तर मी हे प्रकरण वाचायला देईन.

टिळकांची दुसरी संगत तर आपल्या शेजारचीच. चाकणहून देहू किती लांब? आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. शेवटच्या काळात, १९१७मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी कल्पना होती. १९१९मध्ये ते गेले आणि दरबार रुजायचा राहिला. ही कल्पना भाबडी होती, असं म्हणता येईल. मला ती आमच्या युवा सभेपेक्षा जास्त व्यवहारी वाटते, कारण तिने लोक जसे राहतात तसे धरले होते.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अर्धवट राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, जिला १८९५मध्ये कुणी विचारलंही नव्हतं.

‘स्मृतिचित्रे’च्या संक्षिप्त आवृत्त्या मिळतात, पण घ्यायचंच तर पूर्ण घ्या. संक्षेपात बहुतेक गमती टिकतात आणि ती अवघड वर्षं आखडतात. निगडी ते चाकण कंपनीच्या बसमध्ये रोज दहा-बारा पानं सहज होतात. शेजारी बसलेल्याने काय वाचतोयस विचारलं, तर एखादा प्रसंग त्यालाही वाचून दाखवा.