साम्राज्याचा दुय्यम अधिकारी : कॅप्टन पिएट, किल्लेदार उदेभान आणि खाल्ल्या मिठाचा प्रश्न

प्रास्ताविक

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी एका बाजूस राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विस्तीर्ण परिसर आहे आणि दुसऱ्या बाजूस सिंहगडाची रेषा आकाशात उठलेली दिसते. एका ठिकाणी सेनाधिकारी घडविले जातात. दुसऱ्या ठिकाणी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री एक सेनाधिकारी आपल्या धन्याचा किल्ला राखताना मारला गेला. तो अधिकारी म्हणजे मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड. तानाजी मालुसरे यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी आहे. उदेभानाचे नावही तितकेच परिचित आहे, परंतु ते केवळ तानाजींच्या वीरमरणाला निमित्त म्हणून. खलसत्तेच्या चाकरीत असलेला, स्वतः सत्ताधीश नसलेला आणि आज्ञा पाळता पाळता मरणारा असा दुय्यम अधिकारी साहित्यात आणि चित्रपटात कसा रेखाटला जातो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण घेतले आहे ते ‘स्टार वॉर्स’ या अवकाश-अद्भुतिकेतील फर्मस पिएट या आरमारी अधिकाऱ्याचे. मराठी समीक्षेने या प्रकारच्या चित्रपटांकडे बालरंजन म्हणून पाहिले असल्यास ते फारसे आश्चर्याचे नाही. तथापि ज्या प्रश्नाला ऐतिहासिक कादंबरीने बहुधा बगल दिली, तो प्रश्न या ‘बालरंजना’त काही काळ तरी उघडा पडतो, हे नोंदविणे आवश्यक आहे.

पिएटची बढती

अर्विन कर्श्नर दिग्दर्शित ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटात पिएट प्रथम भेटतो तो कॅप्टन म्हणून. बर्फाच्छादित होथ ग्रहावरून टेहळणी यंत्राने पाठविलेला तुटक संकेत तो वरिष्ठांसमोर ठेवतो. अॅडमिरल ओझेल तो धुडकावून लावतो, पण डार्थ व्हेडर तो खरा मानतो. म्हणजे पिएटचे पहिलेच काम अचूक आहे आणि त्या अचूकपणामुळेच बंडखोरांचा तळ उद्ध्वस्त होतो. पुढे ओझेल आरमार होथच्या फार जवळ आणतो आणि बंडखोर सावध होतात. व्हेडर पडद्यावरून, दूर अंतरावरून, आपल्या गूढ शक्तीने ओझेलचा गळा आवळतो. ओझेल तडफडत असताना शेजारी पिएट उभा आहे. व्हेडर त्याच्याशी बोलू लागतो, सैन्य उतरविण्याची आज्ञा देतो आणि त्याच ओघात त्याला अॅडमिरल म्हणून संबोधतो. पिएट आभार मानतो. त्याची नजर क्षणभर खाली पडलेल्या देहाकडे जाते आणि परत वर येते.

केनेथ कॉली या ब्रिटिश नटाने हा प्रसंग फार थोड्या साधनांनी उभा केला आहे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही, दुःख नाही, निषेधही नाही. दिसतो तो फक्त हिशेब. बढतीचे पत्र आणि मृत्यूची सूचना एकाच कागदावर लिहिलेली असावी, तसा हा क्षण आहे. कोणत्याही मोठ्या आस्थापनेत नोकरी केलेल्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटतो आणि प्रेक्षक नकळत हसतो. या हसण्याकडे पुढे परत यावे लागेल.

यानंतर पिएटच्या वाट्याला आलेली दृश्ये म्हणजे भीतीची एक चढती मालिका होय. तो व्हेडरच्या खासगी कक्षात येतो तेव्हा शिरस्त्राण डोक्यावर उतरत असते आणि व्हेडरचे व्रणांनी भरलेले मस्तक मागून ओझरते दिसते. सत्तेच्या मुखवट्याखाली एक जखमी माणूस आहे, हे ज्ञान या चित्रपटात प्रथम लाभते ते नायकाला नव्हे, तर या दुय्यम अधिकाऱ्याला. त्या ज्ञानाचे तो काहीही करीत नाही. तो नजर स्थिर ठेवतो आणि वर्दी देतो. पुढे कॅप्टन नीडा हा दुसरा अधिकारी हातचे जहाज निसटल्याबद्दल स्वतः जाऊन क्षमा मागतो. क्षमा ‘मान्य’ होते, म्हणजे नीडा मरतो. पिएट शोध निष्फळ झाल्याची वर्दी घेऊन तेथेच येतो. नीडा हा या चित्रपटातील बहुधा सर्वांत प्रामाणिक साम्राज्यसेवक आहे, कारण चुकीची जबाबदारी त्याने आपणहून स्वीकारली. अशा व्यवस्थेत जबाबदारी स्वीकारणारा मरतो आणि बोलण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहणारा उरतो. चित्रपट हे सूत्र कोठेही उच्चारत नाही, ते केवळ दाखवितो.

या अधिकाऱ्यांचे बाह्यरूपही विचारपूर्वक घडविलेले आहे. १९७७ च्या मूळ चित्रपटाची वेशभूषा जॉन मोलो यांची. ते लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. करड्या गणवेशात जर्मन सैन्याची छाया स्पष्ट आहे. उच्चार मात्र बहुतांश ब्रिटिश आहेत. अमेरिकन प्रेक्षकाला हे मिश्रण केवळ ‘परके’ वाटत असेल. पुण्यासारख्या लष्करी छावणीच्या शहरातील प्रेक्षकाला त्या उच्चारात दुसऱ्याच एका साम्राज्याचा आवाज ऐकू येणे स्वाभाविक आहे.

कोंढाण्याचा किल्लेदार

आता उदेभानाकडे वळता येईल. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये मोगलांकडे गेलेल्या तेवीस किल्ल्यांत कोंढाणा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत कोंढाण्याचा प्रसंग थोडक्यात येतो. तेथे उदेभान हा एक शूर राजपूत किल्लेदार आहे. तानाजी व तो समोरासमोर येतात, निकराने लढतात आणि दोघेही पडतात. बखरकार शिवछत्रपतींचा सेवक आहे, त्याची निष्ठा संशयातीत आहे, तरीही शत्रूच्या अधिकाऱ्याला हीन ठरविण्याची गरज त्याला भासलेली नाही.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात हे चित्र पालटते. उदेभानाभोवती चंद्रावळी हत्ती, सिदी हिलाल, बारा मुलगे असा परिवार उभा राहतो आणि त्याच्या राक्षसी आहाराची वर्णने येतात. पोवाडा हा रणावर व जत्रेत गायचा प्रकार असल्याने तेथे ही अतिशयोक्ती शोभते. राक्षस जितका मोठा, तितका त्याला मारणारा थोर, हा लोककथेचा जुना हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत मात्र गुणात्मक बदल होतो. सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारीला बळाने आणणारा कामांध पुरुष म्हणून उदेभान वाचकासमोर येतो. आता तो केवळ शत्रू राहत नाही, तो पापी होतो. या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि १९३३ मध्ये प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच नावाचा बोलपट काढला. ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ (२०२०) या हिंदी चित्रपटात सैफ अली खान यांनी साकारलेला उदेभान तर क्रौर्यातच रमणारा, विक्षिप्त हास्याचा खलनायक आहे. या चित्रपटात तो नायकापेक्षा अधिक लक्षात राहतो, हा भाग वेगळा.

बखरीतील लढवय्या, पोवाड्यातील राक्षस, कादंबरीतील कामांध आणि पडद्यावरील विकृत असा हा प्रवास आहे. यातील प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट अधिकाधिक अवघड समजली गेल्याचे दिसते. ती म्हणजे, केवळ आपले काम करीत असलेला माणूस चुकीच्या बाजूला असू शकतो आणि त्याला मारणेही भाग पडू शकते. हे पचविणे जड जाते, म्हणून त्याला वैयक्तिक दुर्गुण चिकटविले जातात. परिणामी दोष साम्राज्यावरून सरकून व्यक्तीवर येतो. उदेभान सज्जन असता तर कोंढाणा मोगलांकडे राहणे न्याय्य ठरले असते काय? मूळ प्रश्न राज्याचा होता. कादंबरीने तो चारित्र्याचा केला.

पिएटच्या बाबतीत पटकथेने हा मोह टाळला आहे. तो कोणाला छळत नाही, कोणाचा अपमान करीत नाही, मद्य वा स्त्री यांचा त्याच्याशी संबंध नाही. तो फक्त कार्यक्षम आहे. हाना आरेन्ट यांनी आइकमन खटल्यावरील १९६३ च्या ग्रंथात दुष्टतेच्या सामान्यपणाविषयी जे प्रतिपादन केले, त्याची येथे आठवण होते. परंतु येथेच चित्रपटाची मर्यादाही दिसते. पिएटची भीती आपल्याला जवळून दाखविली जाते, मात्र त्याच्या कार्यक्षमतेचे बळी क्वचितच दिसतात. व्हेडरसमोर उभा असलेला पिएट हा साहेबाला भिणारा कारकून वाटतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे सहानुभूतीने पाहून हसतो. हे हसू स्वस्त आहे. ज्याच्या वर्दीमुळे होथवरील माणसे मेली, त्याच्यावर ते उधळले जाते. मराठी परंपरेने दुय्यम अधिकाऱ्याला अति काळा रंगविला, तर चित्रपटाने त्याला बिचारा करून सोडले.

खाल्ले मीठ

वास्तविक मराठीत पिएटच्या तोलाचे पात्र शोधायचे तर ते उदेभानात नव्हे, आपट्यांच्याच ‘उषःकाल’मध्ये सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘करमणूक’ साप्ताहिकातून आलेल्या या कादंबरीत सुलतानगडाचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूर दरबाराचे निष्ठावंत चाकर आहेत आणि त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजी महाराजांच्या कार्याकडे ओढला गेला आहे. आपट्यांनी अप्पांना दुष्ट केलेले नाही, मूर्खही केलेले नाही. त्यांच्याजवळ एक जुने, सुसंगत नीतिशास्त्र आहे: ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करायची नाही. बाप आणि मुलगा दोघेही आपापल्या परीने धर्मच पाळतात. वाचकाची बुद्धी मुलाकडे झुकते, पण बापाविषयीचा आदर सुटत नाही. ज्या लेखकाने हे लिहिले त्यानेच पुढे उदेभानाला कामांध करावे, याचे वैषम्य वाटते.

या मिठाच्या कसोटीवर पिएटची व्यक्तिरेखा तपासली असता एक मूलभूत फरक हाती लागतो. पिएटने साम्राज्याचे मीठ खाल्लेले नाही, त्याने केवळ वेतन घेतले आहे. त्याला धनी नाही, वरिष्ठ आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) मध्ये शत्रूचे आरमार समोर असताना हल्ला का करायचा नाही, असे हाताखालचा अधिकारी विचारतो, तेव्हा खुद्द सम्राटाची आज्ञा आहे आणि त्याचा काही खास बेत आहे, एवढेच पिएट सांगू शकतो. बेत काय, हे त्यालाही ठाऊक नाही. निष्ठेची जागा भीतीने घेतली की आज्ञा आणि तिचे कारण यांचा संबंध कसा तुटतो, हे या एका प्रसंगात उत्तम दिसते. रंगराव अप्पा बंड करू शकत नाहीत, कारण त्यांचा दरबारावर विश्वास आहे. पिएट बंड करू शकत नाही, कारण त्याचा कशावरच विश्वास नाही. दुसरी अवस्था अधिक भयावह मानावी लागेल.

अलीकडच्या ‘अँडोर’ (२०२२ व २०२५) या मालिकेने हा धागा पुढे नेला. तीत अल्धानी ग्रहावरील लेफ्टनंट गॉर्न हा पिएटहूनही खालच्या हुद्द्याचा अधिकारी बंडखोरांना आतून मदत करतो. एका स्थानिक स्त्रीवर त्याचे प्रेम होते. ती गेली, बढतीही गेली आणि साम्राज्यावरचे मन उडाले. मालिकेने येथे प्रामाणिकपणा दाखविला आहे. गॉर्नचे बंड तत्त्वातून नव्हे, तर दुखावलेपणातून येते आणि तरीही ते खरे आहे. नानासाहेबाच्या तेजस्वी ध्येयवादापेक्षा ते कमी उदात्त असेल, पण अधिक विश्वसनीय वाटते.

सुदान ब्लॉक

खडकवासल्याच्या संदर्भात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी बसविली. तिच्या मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेली ७० हजार पौंडांची रक्कम या उभारणीत खर्च झाली. ज्यांचे स्मरण ही इमारत करते, ते सैनिक ब्रिटिश साम्राज्याच्या आज्ञेने लढत होते. केरेनच्या लढाईत मराठा पलटणी होत्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सबरोबर असलेल्या सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी सुदान-अबिसिनिया सीमेवर सलग चार दिवस, ५५ मैलांच्या मार्गावरील पंधरा सुरुंगक्षेत्रे निकामी केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साम्राज्याचा दुय्यम अधिकारी, तोही अगदी तळाच्या हुद्द्याचा, ही व्याख्या त्यांना शब्दशः लागू पडते. त्याच काळात देशात हजारो सत्याग्रही त्याच साम्राज्याच्या तुरुंगात होते. समोर मुसोलिनीची फॅसिस्ट फौज होती, मागे व्हाइसरॉयचे सरकार होते आणि मध्ये एक तरुण हाताने सुरुंग काढीत होता. पोवाड्याच्या किंवा चित्रपटाच्या साच्यात हा तरुण बसत नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या कोंडीची दखल एका विशेषणाने घेतली आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा गुन्हा आहे, पण ती आज्ञा कायदेशीर असली पाहिजे. रंगराव अप्पांच्या नीतिशास्त्रात या विशेषणाला जागा नव्हती. पिएटच्या जहाजावर ते उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. प्रबोधिनीचे ‘सेवा परमो धर्मः’ हे बोधवाक्य वाचतानाही सेवा कोणाची, हा प्रश्न त्याच विशेषणापाशी येऊन थांबतो.

पिएटचा शेवट चित्रपटात काही सेकंदांत उरकला आहे. बंडखोरांचे एक छोटे विमान अनियंत्रित होऊन त्याच्या जहाजाच्या सुकाणूकक्षावर आदळते, प्रचंड जहाज कलते आणि कोसळते. बंडखोर जल्लोष करतात आणि कथा पुढे निघून जाते. सिंहगडावर कल्याण दरवाजाच्या मागील टेकडीवर एक चौकोनी दगड आहे आणि तो उदेभानाचे स्मारक मानला जातो. तानाजींच्या स्मारकाशी गर्दी असते, या दगडाकडे क्वचितच कोणी वळते. परंतु पोवाडा, कादंबरी आणि चित्रपट यांनी उदेभानाचे काहीही केले तरी गडावरच्या लोकस्मृतीने त्याच्यासाठी एक दगड राखून ठेवला आहे, आणि तो सभासदाच्या उदेभानाच्या अधिक जवळचा आहे.